मागच्या सीटवरची झोप

कोल्हापुरात तीन विषयांवर मत नसलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही: कुस्ती, मटणाचा रस्सा आणि मोटारगाडी. यांतल्या कुस्तीवर बोलायला निदान एकदा तरी तांबड्या मातीला पाठ लागलेली असावी लागते, आणि रश्श्यावर बोलायला जीभ पोळलेली असावी लागते. गाडीचे तसे नाही. गाडीवर बोलायला गाडी लागत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे सबंध हयातीत एक सायकल काय ती झाली, तीही सासऱ्याने दिलेली. पण कोणत्या गाडीचे इंजिन 'बसकं' आहे, कोणती 'रस्ता धरत नाही' आणि कोणती घेणाऱ्याला 'देशोधडीला लावती' हे तो पानाला चुना लावता लावता सांगतो. त्याचे ऐकून आमच्या गल्लीतल्या दोघांनी गाड्या विकल्या आणि तिघांनी घेतल्या. त्याची सायकल अजून तीच आहे.

मला मात्र या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार आहे. १९७८ सालची एक फियाट आमच्या दारात उभी आहे, आणि मुख्य म्हणजे ती दारातून हलतेही. कागदोपत्री तिचे नाव प्रीमिअर पद्मिनी. चितोडच्या राणीचे नाव. पण आमच्या गल्लीत तिला त्या नावाने कोणी हाक मारलेली मला आठवत नाही. सगळ्यांच्या तोंडी ती फियाटच. वडिलांनी तिच्यासाठी नंबर लावला तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. गाडी दारात आली तेव्हा मी नोकरीत कायम झालो होतो. त्या काळी गाडी विकत घेत नसत, गाडी 'लागत' असे. लॉटरी लागावी तशी. रंग कोणता हवा हे विचारायची पद्धत नव्हती. जो रंग येईल तो आपल्याला लहानपणापासून आवडत होता असे म्हणायचे आणि पेढे वाटायचे.

गाडीवाल्यांत तेव्हा दोन पंथ होते, शैव आणि वैष्णवांसारखे. एक अँबॅसिडरवाल्यांचा आणि दुसरा आम्हां फियाटवाल्यांचा. अँबॅसिडर मूळची विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड, पण इकडे येऊन इतकी देशी झाली की तिला पांढरे धोतर तेवढे नेसवायचे बाकी होते. साखर कारखान्याच्या चेअरमनला ती शोभून दिसे. मागच्या सीटवर स्वतः चेअरमन, दोन संचालक आणि चेअरमनवर नाराज असलेला एक संचालक एवढे आरामात बसत, आणि शहर येईपर्यंत नाराजी मिटलेली असे. फियाट ही वकील, प्राध्यापक आणि होतकरू डॉक्टर यांची गाडी. तिचा गिअर स्टिअरिंगखाली असल्यामुळे शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्याशी त्याचा काही संबंध येत नसे. म्हणून पुढे तिघे मावत, आणि मावतात म्हणून बसत.

हे दोन पंथ एकदाच एकत्र आले. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात दिली. वर्तमानपत्रातला फोटो बघून दोन्ही पंथ पोट धरून हसले. "ही गाडी का साबणाचा डबा?" असे आमच्या वडिलांनी विचारल्याचे मला आठवते. पुढे दोन-तीन वर्षांत हसणारांपैकी निम्मे त्या डब्यासाठी रांगेत उभे होते. गंमत अशी की हसणारी अँबॅसिडर आणि जिला हसले ती मारुती ८००, या दोघींचेही उत्पादन एकाच वर्षी, २०१४ साली थांबले. माणसांतही असेच होते. सासू आणि सून शेवटी एकाच कट्ट्यावर बसून गुडघे चोळतात.

आता तुम्ही म्हणाल, गाडीचा शौक म्हणजे नेमके काय? दर रविवारी गाडी धुणे म्हणजे शौक नव्हे. ती स्वच्छता झाली. माझ्या मते ज्याला गाडीचा आवाज कळतो तो शौकीन. या बाबतीत माझे गुरू म्हणजे उद्यमनगरातले आमचे मेस्त्री. शिवाजी उद्यमनगरात शेतावरच्या ऑइल इंजिनांपासून मोटारीच्या सुट्या भागांपर्यंत लोखंड ओतले गेले. तिथल्या मेस्त्रीला कंपनीचे पुस्तक लागत नाही. गाडी घेऊन गेलो की मेस्त्री आधी चहा मागवत. मग लांब दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावून त्याची मूठ स्वतःच्या कानाला लावत आणि डोळे मिटत. डॉक्टर छाती तपासताना रोग्याने बोलू नये, तसे आम्ही गप्प उभे.

"काय म्हणतीया, मेस्त्री?"

"टॅपेट बोलाया लागलंय, मालक. पर अजून शिव्या देईना. शिव्या द्याया लागलं की घिऊन या."

आता मेस्त्रींच्या मुलाने एक यंत्र आणले आहे. नव्या गाडीला वायर जोडली की पडद्यावर दोषांची यादी येते. परवा एका गाडीचे अकरा दोष आले. मेस्त्रींनी चष्मा कपाळावर सारून यादी वाचली आणि म्हणाले, "ह्यातलं एक गाडीचं हाय. धा यंत्राचं हायत."

जुन्या गाडीचा एक मोठा गुण असा, की ती बंद पडते. नव्या गाड्यांना ही कला राहिलेली नाही, आणि त्यामुळे माणसे माणसांना भेटेनाशी झाली आहेत. एका रविवारी आई-वडिलांना घेऊन जोतिबाहून परतताना वाघबीळपाशी आमची फियाट उभी राहिली. एप्रिलचे ऊन, इंजिन तापलेले. फियाटवाल्यांना ठाऊक असलेलाच आजार: इंजिनावरच्या पंपातले पेट्रोल उन्हाने वाफाळते आणि पुढे सरकत नाही. उपाय सोपा, पंपावर ओले फडके टाकायचे आणि थांबायचे. पण कोल्हापुरी माणूस गाडीचे बॉनेट उघडे दिसल्यावर पुढे जाऊ शकत नाही. पाच मिनिटांत पंधरा माणसे जमली.

एक जण म्हणाला, "प्यॅट्रोल संपलं असंल." मी म्हणालो, "काटा अर्ध्यावर आहे." "काट्यावर इस्वास ठेवू नगासा," असे म्हणून त्याने टाकीचे झाकण उघडून आत कान लावला. दुसऱ्याने प्लगांवर संशय घेतला. तिसऱ्याने बॅटरीकडे बघून नुसतीच मान हलवली, रोग्याच्या नातेवाइकांपुढे डॉक्टर हलवतात तशी. चौथा नखशिखांत गुलालात माखलेला होता. त्याने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि विचारले, "देवाकडं जाताना बंद पडली का येताना?"

"येताना."

"मग काय हुत न्हाई."

आईने पिशवीतला पंचा भिजवून दिला. तो पंपावर टाकला. अर्ध्या तासाने त्या पंधरा जणांनी गाडी उताराला लावून दिली, आणि ती सुरू झाल्यावर प्रत्येकाला वाटले की आपलेच निदान बरोबर होते. आमचे गाव कोणते, आम्ही कोण, हे कोणीही विचारले नाही. "पाणी हाय न्हवं रेडिएटरात?" एवढेच विचारले. आता गाडी बंद पडली की फोन लावायचा आणि बाईचा गोड आवाज सांगतो, मराठीसाठी अमुक दाबा. मी दाबतो. पण तिला जोतिबाला जाताना की येताना हे कळत नाही.

रस्ता ही वस्तू कोल्हापूरकर घराचे अंगण समजतो. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हा हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ऐंशी ओलांडलेले प्रा. एन. डी. पाटील रस्त्यावर उतरले, त्यांच्यामागे गाव उतरले, आणि अखेर २०१५ च्या डिसेंबरात सरकारला टोल रद्द करावा लागला. स्वतःच्या अंगणात यायला पैसे कोण देईल? पण अंगण म्हटले की त्याच्या दोन्ही बाजू आल्या. टोलविरोधी मोर्च्यात पुढे असलेले आमचे एक तात्या भर मिरजकर तिकटीला स्कूटर मधोमध उभी करून मित्राशी भाचीच्या लग्नाचे बोलतात. मागे दहा गाड्या. मी हॉर्न दिला तर म्हणतात, "अरे, आंदोलन केलंय ह्या रस्त्यासाठी!"

हॉर्नविषयी माझे मत ठाम आहे. हॉर्न हा मिठासारखा वापरावा. आमच्याकडे तो कांदालसणाच्या चटणीसारखा वापरतात. असेल त्यावर आणि नसेल त्यावरही. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्याकडे निघालेल्या म्हशीमागे एका पाहुण्या गाडीला मी सलग तीन मिनिटे हॉर्न वाजवताना पाहिले. म्हैस थांबली. तिने मागे वळून पाहिले. रोज सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार देणाऱ्या त्या प्रतिष्ठित बाईच्या नजरेत जो तुच्छपणा होता, तो मी फक्त एकदा, एका सेवानिवृत्त संस्कृत शिक्षकांच्या नजरेत पाहिला आहे.

ओव्हरटेकचे दुसरे मत. घाटात मागची गाडी घाईत असेल तर तिला जाऊ द्यावे. आपल्या पुढे गेलेला माणूस आपल्याहून मोठा होत नाही; तो फक्त पुढच्या वळणावर आपल्याला पुन्हा दिसतो. आणि उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्यांना मी माझ्या गाडीला हात लावू देत नाही. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हे वडिलांनी मला शिकवले, आणि त्यांना ते एका एसटी ड्रायव्हरने शिकवले. गिअर काढला की गाडीला इंजिनाची वेसण राहत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापला की तो ब्रेक राहत नाही, नुसता पायाखालचा लोखंडी तुकडा होतो. दोन-चार रुपये वाचतात, पण ते मोजायला माणूस खाली पोचावा लागतो.

तिसरे मत दगडांविषयी. ट्रक किंवा ट्रॅक्टर पंक्चर झाला की मागे-पुढे दगड मांडतात. ते ठीक. पण चाक बदलून गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. जणू तेच रस्त्याचे मूळ मालक. एखाद्या पाहुण्याने जेवून जाताना आपल्या दारात खड्डा खणून जावा तसे हे आहे. मी अशा ठिकाणी गाडी कडेला घेतो, उतरतो आणि दगड रस्त्याबाहेर टाकतो. सौ. म्हणते, "जन्मभर दगडच उचला." मी म्हणतो, शौकाला काय मोल!

पण हसण्यावारी न्यायचा हा विषय नव्हे. उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या निघतात, वर आभाळाएवढा ऊस, आणि पुष्कळदा मागे लाल दिवा नाही की चकाकणारी पट्टी नाही. अंधारात ऊस आणि अंधार यांत फरक कळत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला एक पोरगा मोटारसायकलवरून रात्री गावाकडून येत होता. फुटबॉलचा वेडा, पंचविशी न गाठलेला. रस्त्यात एक ट्रॉली उभी होती. त्याने ती पाहिली नाही, आणि नंतर आम्ही त्याला पाहिले नाही. त्याची आई नंतर कित्येक महिने रात्री नऊच्या सुमारास गॅलरीत येऊन उभी राहायची. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली, असे सरकारी अहवालात छापले आहे. एवढा मोठा आकडा डोळ्यांपुढे येत नाही. मला त्यातला शेवटचा एक तेवढा दिसतो, आणि ती गॅलरी.

म्हणून वेग, वळण, पार्किंग यांवरून मी ड्रायव्हर जोखत नाही. माझी परीक्षा निराळी आहे. ज्याच्या गाडीत मागच्या सीटवरचे म्हातारे माणूस झोपते, तो खरा ड्रायव्हर. ही परीक्षा आमच्या आईमुळे सापडली. आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे; ब्रेक आणि क्लच यांतला फरक तिला शेवटपर्यंत कळला नाही. पण आमचा एक आतेभाऊ, जो पुण्याहून कोल्हापूर किती तासांत गाठले हे घड्याळ पुढे करून सांगत असे, त्याच्या गाडीत आई बसली की तिच्या मांडीवरची पिशवी तिच्या छातीशी जाई आणि किणी येईपर्यंत अंबाबाईच्या नावाचा जप हजाराच्या घरात जाई. त्याउलट वडील चालवू लागले की ताराराणीचा पुतळा मागे पडतो न पडतो तोच तिची मान कलती होई. वडील आरशात बघत आणि आणखी हळू चालवत. पदवीदान समारंभात मिळावे तसे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. नवीन गाड्यांना आता तारे देतात, टक्कर झाली तर माणूस किती वाचेल त्याचे. चांगली गोष्ट आहे. पाच तारे असलेलीच गाडी घ्यावी. पण टक्करच होणार नाही याचा तारा गाडीला मिळत नाही. तो मागच्या सीटवरच्या घोरण्यात मिळतो.

अलीकडे हा परीक्षेचा विषय माझ्या घरात जरा जास्तच निघू लागला आहे. मी सत्तरी ओलांडली. पंचावन्न वर्षांनंतर सरकार वाहन परवाना पाचच वर्षांसाठी नवा करते, आणि त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टर माझे विद्यार्थी निघाले. त्यांनी मला अक्षरे वाचायला लावली. मी वाचली. मग त्यांनी हळूच विचारले, "सर, अजून गाडी चालवता?" मला 'अजून' या शब्दाचा राग आला. चाळीस वर्षे त्यांनी माझ्याकडून व्याकरण शिकल्यासारखे दाखवले, पण क्रियाविशेषण अव्यय कुठे वापरू नये हे त्यांना कळले नाही.

गाडीचेही माझ्यासारखेच चालले आहे. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तिची फी पूर्वी सहाशे होती, १ एप्रिल २०२२ रोजी ती पाच हजार करण्यात आली. मुलगा म्हणतो, "बाबा, भंगारात द्या." मी म्हणतो, थांब. २०२१ साली सरकारने एक नियम केला आहे. गाडी पन्नास वर्षांची झाली आणि मूळ रूपात असली, की तिला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आमची फियाट २०२८ साली पन्नाशी गाठेल. मग तिला वेगळा नंबर मिळेल, मान मिळेल.

मुलाने तो नियम पुढे वाचून दाखवला. व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. मी तो नियम दोनदा वाचला. तो गाड्यांसाठी लिहिलेला असावा हे मला पटेना. सेवानिवृत्त माणसाचे याहून नेमके वर्णन कोणी केलेले नाही. लग्नाकार्यात पुढच्या खुर्चीवर मांडायचे, म्हणजे प्रदर्शन. सत्काराला न्यायचे, म्हणजे रॅली. सकाळी चहाला कोपऱ्यापर्यंत सोडायचे, म्हणजे इंधन. आणि महिन्यातून एकदा दवाखाना.

मी तसा खट्टू झालो. पण कोल्हापूरच्या माणसाला याबाबतीत एक दिलासा आहे. दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते. राजाराम महाराजांच्या काळातली ही गाडी. झेपेलिनसारख्या आकाशयानांची इंजिने करणाऱ्या जर्मन कंपनीची. वर्षभर ती फारशी कोणाला दिसत नाही. त्या दिवशी मात्र ती माणसाच्या चालीने पुढे सरकते आणि दुतर्फा लोक टाचा उंच करून बघतात. तिने कोणाला ओव्हरटेक केले नाही, ताशी किती वेगाने धावते हे कोणी विचारले नाही. नुसती आली, एवढ्यावर गाव सोने लुटायला मोकळे. दर दसऱ्याला मी तिच्याकडे बघतो आणि मनात म्हणतो, म्हातारपण असावे तर असे. पण त्यासाठी आधी घराणे मोठे असावे लागते; आमच्या फियाटला आणि मला ती सोय नाही. त्यामुळे परवान्यावरची तारीख संपेपर्यंत चालवत राहणे, आणि सौ. मागे झोपते आहे ना हे बघत राहणे, एवढेच माझ्या हातात होते.

सौ.चे गुडघे दुखू लागल्यापासून ती मागेच पाय लांब करून बसते. गेल्या हंगामात आम्ही दोघे गगनबावड्याहून परतत होतो. असळज मागे पडले आणि अंधार झाला. रस्त्यावर उसाची पाचटे पडलेली, हवेत मळीचा वास. मी चाळिसाच्या वर जात नव्हतो. आरशात पाहिले, सौ. मान टेकून, डोळे मिटून बसली होती. मनात म्हटले, चला, डॉक्टरांनी काहीही विचारो, खरा दाखला मागच्या सीटवर आहे.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अहो, पुढं ट्रॉली आहे."

ट्रॉली होती. मला ती दिसली होती आणि पाय ब्रेकवर गेलाही होता. गाडी चांगली वीस हात अलीकडे थांबली. पण डोळे मिटलेल्या बाईला ट्रॉली दिसते कशी, हा प्रश्न राहतोच.

"तू झोपली नव्हतीस?"

"नाही."

"मग डोळे मिटून का बसतेस?"

"मी जागी दिसले की तुम्ही रस्ता सोडून सारखे आरशात बघता. म्हणून मिटून घेते. एक डोळा थोडा उघडा असतो."

"कधीपासून?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुमचं मोतीबिंदूचं झालं ना, तेव्हापासून. दिवसा झोपते हो मी. खरंच झोपते. रात्रीचीच तेवढी..."

कळे आले, बालिंग्याचा पूल आला, फुलेवाडी आली. मी आरशात पाहिले नाही. रंकाळ्याचे दिवे दिसायला लागल्यावर तीच म्हणाली, "भेळ घ्यायची का?" आम्ही गाडी कडेला लावून भेळ घेतली. गाडीविषयी कोणीच काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला बोलावून तह केला. सूर्य डोक्यावर आहे तोवर फियाट आणि मी. दिवेलागणीनंतर त्याची नवी गाडी आणि तो. त्याला इतक्या लवकर तह होईल असे वाटले नव्हते. तो काहीतरी भाषण तयार करून आला होता, ते त्याच्या घशातच राहिले. पानवाल्याने ही बातमी ऐकून सांगितले, की नव्या गाडीचे इंजिन बसकं आहे.

तेव्हापासून रात्रीच्या प्रवासात मी मागे, सौ.च्या शेजारी बसतो. मुलगा बरा चालवतो. गिअरच नाहीत त्याच्या गाडीला, त्यामुळे हाताला काम नाही. पण वळणावर घाई करत नाही आणि समोरून कोणी आले की डिपर देतो. फक्त एक खोड आहे. दर दोन मिनिटांनी आरशात बघतो, आम्ही झोपलो का ते.

मी डोळे मिटून घेतो. एक थोडा उघडा ठेवून.